आढाव्याची व्हीसी घेणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र: तुटलेल्या आवाजावरून माणूस जोखू नका

प्रति,
जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, शिक्षणाधिकारी आणि विभागीय पातळीवरून व्हीसी घेणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

घरकुलं, लसीकरण, पोषण आहार, टंचाई, ई-पीक पाहणी, शाळाबाह्य मुलं, कुठल्याही विषयाचा आढावा आता व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सवर होतो. सकाळी ग्रुपवर लिंक पडते आणि अकराच्या सुमाराला तहसीलदार, गटविकास अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, कधी थेट ग्रामसेवक आणि गटप्रवर्तकही जोडले जातात. धारणीहून अमरावतीला किंवा भामरागडहून गडचिरोलीला बैठकीसाठी जायचं तर पूर्ण दिवस जातो. तो दिवस व्हीसीमुळे कामाला मिळतो, म्हणून व्हीसी बंद करा असं आम्ही, व्हीसीची जोडणी करणारे तंत्रज्ञ, म्हणणार नाही. आमचं म्हणणं तिच्या पद्धतीबद्दल आहे.

व्हीसीत फक्त आकडे तपासले जात नाहीत, माणसंही तपासली जातात. कोण तयारीने आला, कोण टाळाटाळ करतोय, कोणाला कामाचं गांभीर्य नाही, याबद्दल तुमचं मत त्या दोन तासांत बनतं. पुढच्या नोटिशीत, गोपनीय अहवालात आणि बदलीच्या वेळी ते मत सोबत येतं. त्या मताचा बराच भाग समोरच्याच्या उत्तरावर न ठरता त्याच्या फोनच्या अपलोडवर, म्हणजे फोनमधून बाहेर जाणाऱ्या डेटाच्या वेगावर ठरतो. ते कसं आणि काय बदललं म्हणजे हे थांबेल, एवढंच या पत्रात मांडायचं आहे.

एक प्रश्न आणि एक उत्तर जवळून पाहू. तुम्ही हॉलमधून एका तालुक्याला विचारता, "अक्राणी, संस्थात्मक प्रसूती कमी का आहेत?" तुमचा आवाज तिकडे पोचायला धरा ०.४ सेकंद. तिकडचा माणूस म्यूटवर आहे, कारण म्यूटवर राहा अशी सूचना तुमचीच. फोनच्या छोट्या पडद्यावर बटणं लपलेली असतात. आधी एकदा पडद्याला हात लावायचा, मग माइकचं बटण शोधून दाबायचं. यात दीड-दोन सेकंद जातात. म्हणजे तुमचा प्रश्न संपल्यापासून साधारण २.२ सेकंदांनी तो बोलायला लागतो. त्याचा आवाज तुमच्याकडे यायला आणखी एक सेकंद, कारण अपलोडची वाट अरुंद आहे आणि पॅकेटं, म्हणजे आवाजाच्या डेटाचे छोटे तुकडे, रांगेत थांबलेली आहेत. त्याचा पहिला शब्द हॉलमध्ये ३.२ सेकंदांनी ऐकू येणार. पण तुम्ही दुसऱ्या सेकंदालाच म्हणालेले असता, "आहेत का लाइनवर?" हे वाक्य त्याच्या कानावर पडतं ते तो नुकताच बोलायला लागलेला असताना. साहेब बोलतायत म्हटल्यावर तो थांबतो. हॉलमध्ये ऐकू येतं, "सर, आमच्याकडे...", आणि पुढे शांतता. मग तुम्ही "बोला, बोला" म्हणता, तोही त्याच वेळी पुन्हा सुरू करतो आणि परत दोघे एकमेकांवर आदळतात. तिसऱ्या वेळी तुम्ही पुढच्या तालुक्याकडे जाता.

हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला दिसलं ते एवढंच: विचारलं, तर उत्तर आलं नाही.

माणसाच्या कानाला संभाषणातली फट फार बारकाईने कळते. २००९ साली दहा भाषांवर झालेल्या एका अभ्यासात प्रश्न आणि उत्तर यांमधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाइतकं, म्हणजे २०० मिलीसेकंदांच्या आसपास निघालं. समोर बसलेल्या माणसाने उत्तराला एक-दोन सेकंद लावले की आपण त्याचा अर्थ लावतो: याला माहीत नाही, किंवा याला सांगायचं नाही. समोरासमोर हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, म्हणून तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. व्हीसीत तोच अंदाज चुकतो आणि चुकला हे आपल्याला कळतही नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये हेच तपासलं होतं. लाइनवर मुद्दाम उशीर घातला, तेव्हा ऐकणाऱ्यांनी दोष लाइनला न देता पलीकडच्या माणसाला दिला. तो कमी लक्ष देतोय, असं त्यांना वाटलं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीत एका बाजूचा उशीर १५० मिलीसेकंदांच्या आत ठेवावा असं म्हटलं आहे आणि ४०० च्या वर तो जाळ्याच्या आखणीत मान्य नाही. वरच्या उदाहरणातला परतीचा उशीर एक हजार होता.

हा उशीर येतो कुठून? बहुतेक बैठकांमध्ये "तुमच्याकडे रेंज नाही का?" असं विचारलं जातं. रेंज असते. फोनवर तीन-चार दांड्या दिसतात, यूट्यूब चालतं, स्पीड टेस्टला आठ-दहा एमबीपीएस येतात. पण ते सगळं डाउनलोड आहे आणि तुम्हाला त्याचं ऐकायचं असतं तेव्हा कामाला येतं फक्त अपलोड. टॉवरचा ट्रान्समीटर वीस वॉटच्या घरात किंवा त्याहून जास्त शक्तीने बोलतो. फोनला जास्तीत जास्त २३ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक), म्हणजे सुमारे २०० मिलीवॉट. शंभरपट फरक आहे. त्यामुळे टॉवरपासून लांब, डोंगराआड किंवा काँक्रीटच्या स्लॅबखाली बसलेल्या माणसाला टॉवरचं नीट ऐकू येतं, पण त्याचं टॉवरला ऐकू जात नाही. त्यात ४जी आणि ५जीच्या ज्या पट्ट्या टीडीडी पद्धतीने, म्हणजे डाउनलोड आणि अपलोड आळीपाळीने, चालतात, त्यांत वेळेचे तीन-चार हिस्से डाउनलोडला आणि एक हिस्सा अपलोडला दिलेला असतो, कारण बहुतेक लोक व्हिडिओ बघतात, पाठवत नाहीत. व्हीसी मात्र दोन्ही दिशांनी चालणारी गोष्ट आहे.

फोनवरच्या दांड्यांवर विश्वास ठेवू नये. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने गेलं की सिग्नल डीबीएममध्ये दिसतो. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. ४जीसाठी उणे ९० च्या आसपास असेल तर निर्धास्त बसावं. उणे १०५ ला व्हिडिओ अडखळतो, उणे ११५ च्या पुढे आवाजही टिकत नाही. एकाच कार्यालयात टेबलापाशी उणे ११२ आणि टॉवरच्या बाजूच्या खिडकीत उणे ९८ असा फरक सर्रास सापडतो.

अपलोड कमी असलं तरी एक वेळ चालतं. खरं नुकसान रांगेने होतं. फोनला सेकंदाला ५०० किलोबिट पाठवता येत असतील आणि ॲप ६०० पाठवू पाहत असेल, तर उरलेली पॅकेटं मोडेममध्ये साठत जातात. साठा वाढला की उशीर वाढतो. रिकाम्या लाइनवर जाऊन-येऊन ५० मिलीसेकंद लागत असतील, तर भरलेल्या लाइनवर तेच दोन हजारही होतात. हे मोजायला फास्ट डॉट कॉम उघडून 'शो मोअर इन्फो' दाबावं. तिथे रिकाम्या लाइनची आणि भरलेल्या लाइनची लेटन्सी, म्हणजे उशीर, वेगवेगळी दाखवतात. भरलेल्या लाइनचा आकडा ४००-५०० च्या पुढे असेल, तर स्पीड कितीही दिसो, त्या माणसाचं बोलणं उशिरा पोचणार. ही रांग भरायला कॅमेरा पुरेसा आहे, आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती तुमच्याकडून होते.

झूमच्या स्वतःच्या शिफारशीप्रमाणे गटाच्या बैठकीत बऱ्या दर्जाच्या व्हिडिओला अपलोड सुमारे १ एमबीपीएस आणि डाउनलोड ६०० केबीपीएस लागतं. नुसत्या आवाजाला ६० ते ८० केबीपीएस पुरतात. कॅमेरा बंद केला की अपलोडची गरज दहाव्या हिश्शावर येते. ज्याचा अपलोड ३०० केबीपीएस आहे, तो कॅमेऱ्यासह तुटक आणि उशिरा बोलतो, कॅमेऱ्याशिवाय स्वच्छ बोलतो. "कॅमेरा चालू करा, तुम्ही बसलाय की नाही कळू दे" ही सूचना हॉलमध्ये रास्त वाटते. तिकडे तिच्यामुळे माणसाचा आवाज जातो.

पॅकेटं हरवली किंवा पुढेमागे आली की ॲप आपल्या परीने दुरुस्ती करतं आणि त्या दुरुस्तीनेही माणूस वेगळाच भासतो. गाळलेला तुकडा अंदाजाने भरला की आवाज रोबोटसारखा येतो. अडकलेली पॅकेटं एकदम आली की मागची भरपाई करायला ॲप आवाज थोडा पळवून वाजवतं आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा घाबरून भराभर बोलतोय. चेहरा गोठतो तो बऱ्याचदा डोळे मिटलेले किंवा तोंड वाकडं असताना, आणि मोठ्या पडद्यावर तो तसाच दहा सेकंद दिसत राहतो. यातलं काहीही त्या माणसाने केलेलं नसतं.

आकडे सर्वात आधी बिघडतात. 'सात' आणि 'साठ', 'एकोणीस' आणि 'एकोणतीस' यांच्यातला फरक एका अक्षराचा आहे आणि तुटक लाइनवर तेच अक्षर जातं. "पूर्ण झालेलं नाही" या वाक्यातला 'नाही' शेवटी येतो, आवाज तिथे खाली उतरतो आणि तोच गळतो. इतिवृत्तात "पूर्ण" अशी नोंद होते आणि पुढच्या बैठकीत त्या माणसाने खोटं सांगितलं असं ठरतं.

आता तुमच्या बाजूकडे येऊ. जिल्हा मुख्यालयातला व्हीसी कक्ष एनआयसीच्या (केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) किंवा राज्याच्या जाळ्याच्या तारेवर असतो, मागे यूपीएस आणि जनरेटर असतो, हाताशी ऑपरेटर असतो. तुमच्याकडून जाणारा आवाज नेहमी स्वच्छ असतो आणि तुम्हाला दिसणाऱ्या पट्टीत नेट हिरवं असतं. त्यामुळे अडचण कायम 'तिकडची' वाटते. पण तिकडच्या माणसाचं बोलणं तुटण्यात तुमच्या हॉलचा वाटा असतो, आणि तो कसा हे ऑपरेटरही सहसा सांगत नाहीत.

स्पीकरवर ठेवलेला फोन घुमणं टाळण्यासाठी एक युक्ती करतो. स्पीकरमधून आवाज येत असेल तेव्हा तो स्वतःचा माइक दाबून ठेवतो. म्हणजे तुम्ही "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणता तेवढा वेळ तिकडचा माइक जवळजवळ बंद असतो. उत्तर येत नाही म्हणून तुम्ही पुन्हा हॅलो म्हणता आणि पुन्हा त्याचं उत्तर त्याच्याच फोनमध्ये दबतं. हॉलमधली कुजबुज, कागदांची सळसळ, पंखा, कोणाचा तरी चालू राहिलेला माइक, यांचाही परिणाम हाच. यावर दोन उपाय आहेत. तिकडे वायरचा इअरफोन, म्हणजे स्पीकर आणि माइक वेगळे होतात आणि दाबण्याची गरज उरत नाही. इकडे प्रश्न विचारून झाला की हॉलचा माइक बंद. ऑपरेटरला ही एकच सूचना दिलीत तरी निम्म्या बैठकी सुधारतील, असं आमचं अनुभवावरून ठाम मत आहे.

काही अधिकारी हॉलमध्ये आणि काही पडद्यावर, अशी मिश्र बैठक सर्वात अन्यायाची. हॉलमधला माणूस तुमच्या चेहऱ्याकडे बघून मध्येच एक वाक्य टाकू शकतो, कागद पुढे सरकवू शकतो. पडद्यावरच्याला हात वर करून थांबावं लागतं. तो वर केलेला हातही सर्व्हरला मिळालेल्या वेळेनुसार रांगेत लागतो, म्हणजे ज्याचं नेट मंद तो तिथेही मागे. त्यात ॲप ज्याचा आवाज मोठा आणि सलग, त्याचा चेहरा मोठा करून दाखवतं. तुटक आवाजाचा माणूस मोठ्या चौकटीत येतच नाही. मुख्यालयाजवळचे तालुके हॉलमध्ये आणि दुर्गम तालुके पडद्यावर अशी वाटणी झाली, की ज्यांची अडचण मोठी त्यांचीच बाजू सर्वात कमी ऐकली जाते. शक्य असेल तर सगळ्यांना पडद्यावरच घ्या, अगदी शेजारच्या इमारतीतल्यांनाही. ते जमत नसेल तर हॉलमधल्यांनाही त्याच रांगेत हात वर करायला लावा.

डेटाचा प्रश्नही आहे आणि तो सहसा कोणी मोठ्याने बोलत नाही. तालुक्याच्या खाली बहुतेक लोक व्हीसीला स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर बसतात. वरच्या आकड्यांप्रमाणे अपलोड-डाउनलोड मिळून १.६ एमबीपीएस धरलं तर तासाला सुमारे ७२० एमबी खर्च होतात. दोन तासांच्या व्हीसीला जवळपास दीड जीबी. रोज दीड जीबीचा पॅक असेल तर तो दुपारी एकला संपतो आणि मग स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, जो धड आवाजालाही पुरत नाही. चार वाजता दुसऱ्या विभागाची व्हीसी असेल तर तो माणूस तिथे 'सतत डिस्कनेक्ट होणारा' ठरतो. नुसत्या आवाजाची तीच दोन तासांची बैठक सव्वाशे-दीडशे एमबीत होते.

आणखी एक बारीक गोष्ट. दोन सिमच्या बहुतेक फोनमध्ये डेटा एका सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर कॉल आला आणि उचलला, तर डेटा थांबतो आणि माणूस व्हीसीतून बाहेर फेकला जातो. व्हीसी चालू असताना त्याच विभागातून "अमुक माहिती तातडीने द्या" असा फोन जातो आणि साहेबांसमोरून तो अचानक गायब होतो. बैठकीच्या वेळेत आस्थापनेने फोन करू नयेत, निरोप लिहून पाठवावा.

तुम्ही काय बदलावं, ते आता सांगतो. यातल्या एकालाही नवं यंत्र लागत नाही.

प्रश्न विचारल्यावर पाच सेकंद थांबा. मनात मोजा. वर दाखवलेल्या हिशोबात पहिला शब्द ३.२ सेकंदांनी येतो, म्हणून पाचाचा आकडा. या पाच सेकंदांत हॉलमधून काहीही बोललं जाऊ नये, "बोला" सुद्धा नाही. सुरुवातीला हे फार लांब वाटतं, दोन-तीन तालुक्यांनंतर सवय होते.

त्याहूनही उपयोगाचं म्हणजे पुढची दोन नावं आधी सांगणं. "आता सुरगाणा, मग पेठ, मग त्र्यंबकेश्वर." म्हणजे पेठचा माणूस वेळेत म्यूट काढून, कागद हातात घेऊन बसतो. म्यूट शोधण्यात जाणारे दोन सेकंद यातच वाचतात. नावांचा क्रम अजेंड्यासोबत आदल्या दिवशीच गेला तर उत्तम. आणि कमकुवत नेटवर्कचे तालुके पहिल्या अर्ध्या तासात घ्या. शेवटी ठेवलं की त्यांचा पॅक, बॅटरी आणि तुमचा वेळ, तिन्ही संपलेलं असतं.

कॅमेऱ्याचा नियम सर्वांना एकच ठेवा. हजेरीच्या वेळी दोन मिनिटं सगळ्यांचे कॅमेरे चालू, चेहरा दिसला, नाव घेतलं, मग सगळ्यांचे बंद. तुमचाही. फक्त कमी नेटवाल्यांना सूट दिली तर तो माणूस लपतोय असं वाटतंच. सगळ्यांचाच बंद असेल तर चेहऱ्यावरून मत बनवण्याची सोयच राहत नाही आणि आवाज सगळ्यांचा सारखा येतो. खरोखर काही दाखवायचं असेल, इमारतीची गळती किंवा विहिरीची पातळी, तर फोटो आधी मागवा.

डॅशबोर्डचं एक्सेल पडद्यावर शेअर करून "तुमची ओळ बघा" म्हणणं बंद व्हायला हवं. कमी बँडविड्थला शेअर केलेला पडदा धूसर होतो आणि सहा इंची फोनवर चाळीस रकान्यांतले आकडे वाचताच येत नाहीत. तीच फाइल पीडीएफ करून बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाका. फाइल नेट मिळेल तशी, तुकड्यातुकड्यांनी, पण पूर्ण उतरते. आवाजाला ती मुभा नाही. उत्तरही लेखी मागवा: लक्ष्य, साध्य, कमी पडण्याचं कारण, काय हवं, कधीपर्यंत. पाच ओळी, बैठकीच्या आधी. मग व्हीसीत चर्चा फक्त त्या पाच ओळींवर होते आणि कोणाचा आवाज गेला तरी त्याची बाजू तुमच्यासमोर कागदावर असते. बैठकीत नवा आकडा सांगितला गेला तर तो चॅटमध्ये अंकांत लिहून घ्या आणि इतिवृत्त त्यावरून करा.

आवाज दोनदा तुटला की ॲप सोडून साध्या फोनवर जा. हा सल्ला मागासलेला वाटेल, पण त्यामागे ठोस कारण आहे. ४जीच्या जाळ्यात साध्या कॉलला, म्हणजे व्होल्टीला, राखीव वाट मिळते. मानकात त्या वर्गाला बिटरेटची हमी आणि १०० मिलीसेकंदांची विलंब-मर्यादा आहे. ॲपचा डेटा सर्वसाधारण वर्गात जातो, तिथे मर्यादा ३०० ची आणि हमी कसलीच नाही. टॉवरवर गर्दी झाली की आधी डेटा मार खातो, कॉल टिकतो. म्हणून ज्या जागी व्हीसी तुटते, तिथून त्याच मिनिटाला फोन नीट लागतो. तुमच्या परवान्यात फोन नंबरवरून बैठकीला जोडण्याची सोय आहे का, हे जिल्ह्याच्या आयटी कक्षाला विचारा. नसेल तर ऑपरेटरने हॉलमधला एक फोन ३.५ मिमी वायरने मिक्सरला जोडून ठेवावा आणि गरज पडेल त्या तालुक्याला त्यावरून बोलवावं. फोनकडे परत जाणाऱ्या आवाजातून फोनचा स्वतःचा आवाज मात्र वगळावा लागतो, नाहीतर बोलणाऱ्याला आपलंच बोलणं उशिराने ऐकू येतं आणि तो अडखळतो. मिक्सरवर फोनकडे आवाज पाठवणाऱ्या ऑक्स सेंडमध्ये त्या चॅनलचा नॉब शून्यावर आणला की काम झालं.

"नेटवर्कचं निमित्त करणारेही असतात" हे तुम्ही म्हणाल, आणि ते खरं आहे. तयारी नसलेला माणूस "सर, आवाज तुटतोय" म्हणून सुटका करून घेतो. यावर उपाय संशय नसून मोजमाप आहे. व्हीसीच्या सहभाग अहवालात प्रत्येकाची आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ नोंदलेली असते. दोन तासांत सहा वेळा बाहेर पडून दर वेळी मिनिटाभरात परत आलेला माणूस नेटशी झगडत असतो. ज्याच्या परवान्यात व्यवस्थापकाचा डॅशबोर्ड आहे, तिथे प्रत्येक सहभागीचा उशीर, जिटर (त्या उशिरातला चढउतार) आणि पॅकेट लॉस (हरवलेल्या पॅकेटांचं प्रमाण) हेही दिसतं. झूमची शिफारस उशीर १५० मिलीसेकंदांपर्यंत, जिटर ४० पर्यंत आणि लॉस २ टक्क्यांपर्यंत अशी आहे. ज्याची लाइन पूर्ण वेळ या मर्यादांच्या आत होती आणि तरी जो गप्प राहिला, त्याला जाब विचारा. ज्याचा लॉस १२ टक्के होता, त्याला विचारू नका. प्रामाणिक माणसाला यातून संरक्षण मिळतं आणि निमित्त शोधणाऱ्याची वाट बंद होते. म्हणून आमची स्पष्ट मागणी आहे: व्हीसीतल्या गैरहजेरीवरून, मौनावरून किंवा 'असमाधानकारक उत्तरा'वरून कारणे दाखवा नोटीस काढण्याआधी त्या बैठकीचा सहभाग अहवाल फाइलला जोडलेला असावा आणि त्या माणसाला एकदा साध्या फोनवर विचारलेलं असावं.

तालुक्याच्या बाजूने काय करायचं, ते थोडक्यात. बैठकीआधी खिडकीशी जाऊन डीबीएम बघा आणि बसायची जागा ठरवा. गूगल फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप बंद ठेवा, ते अपलोडची रांग भरतात. वायरचा इअरफोन लावा. लॅपटॉप वापरत असाल तर हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबलने नेट घ्या. ग्रामपंचायतीत भारतनेटचा फायबर पोचला असेल, तर त्याच्या डब्यावरचे दिवे बघायला शिका: पॉन हिरवा आणि स्थिर म्हणजे लाइन ठीक, एलओएस लाल म्हणजे वाटेत केबल तुटलेली. अनेकदा लाइन ठीक असते आणि डबाच वीज नसल्याने बंद असतो. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस त्याला दोन-तीन तास चालवतो. ज्या कार्यालयात आत सिग्नल नाही पण छतावर आहे, तिथे छतावर बाहेरच्या अँटेनाचा ४जी राउटर बसवून खाली इथरनेटची तार आणावी. अँटेना वर आणि राउटर खाली ठेवून मध्ये लांब कोॲक्स केबल टाकण्याची चूक बरीच होते. त्या केबलमध्ये मिळवलेला सिग्नल पुन्हा जातो. हा सगळा खर्च काही हजारांत बसतो आणि तो कर्मचाऱ्याच्या खिशातून होऊ नये. व्हीसीसाठी लागणाऱ्या डेटाचंही तेच.

आमची विनंती एका महिन्यापुरती आहे. पुढच्या चार आढावा व्हीसी अशा घ्या: लेखी पाच ओळी आदल्या दिवशी, नावांचा क्रम जाहीर, कॅमेरे हजेरीनंतर सर्वांचे बंद, प्रश्नानंतर पाच सेकंद हॉलचा माइक बंद, दोनदा तुटलं की फोन. ऑपरेटरने प्रत्येक बैठकीत दोनच गोष्टी लिहाव्यात: कोणत्या तालुक्याचं बोलणं किती वेळा अर्धवट राहिलं, आणि कोणाला उत्तर पूर्ण करायला किती वेळ मिळाला. शक्य असेल तर आधीच्या चार बैठकींच्या रेकॉर्डिंगवरून हेच दोन रकाने भरून घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि ज्या तालुक्यांबद्दल तुमचं मत वाईट आहे, त्यांची नावं त्यात कुठे येतात ते बघा. रकान्यांचा नमुना, मिक्सरच्या जोडणीचा आराखडा आणि डीबीएम तपासण्याची एक पानाची मराठी सूचना कोणत्याही जिल्ह्याला हवी असेल तर आम्ही देऊ, आणि पहिल्या बैठकीला तुमच्या ऑपरेटरसोबत बसूही.

आपले,
तालुका आणि जिल्हा पातळीवर व्हीसीची जोडणी व देखभाल करणारे तंत्रज्ञ